पॅट व्हेंडेटी : दोन्ही हातांनी बॉल टाकणारा पिचर – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

क्रिकेटवर पोसलेल्या वाचकाला बेसबॉलमधलं जे जे वेगळं वाटेल, ते इथे वाटेतच उलगडून सांगितलं आहे. बेसबॉल आधीपासून पाहणाऱ्यांनी तेवढा भाग सोडून पुढे जायला हरकत नाही.

पॅट व्हेंडेटी कोण?

पॅट्रिक व्हेंडेटी हा अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यातल्या ओमाहा शहराचा. जन्म ३० जून १९८५. तो पिचर होता, म्हणजे आपल्या भाषेत गोलंदाज. समोरचा बॅटर बघून तो कधी उजव्या, कधी डाव्या हाताने बॉल टाकायचा. २००८ ते २०२० अशी त्याची व्यावसायिक कारकीर्द झाली. त्यातल्या पाच हंगामांत मिळून तो मेजर लीगचे, म्हणजे व्यावसायिक बेसबॉलच्या सर्वांत वरच्या पायरीचे, ६१ सामने खेळला, आणि तेही सहा वेगवेगळ्या संघांकडून. बाकी सगळा काळ मायनर लीगमध्ये, म्हणजे त्याखालच्या पायऱ्यांवर गेला.

त्याचं नाव घेतलं की दोन हातांची गंमत तेवढी सांगितली जाते. पण हा माणूस ताशी ८५-८६ मैल वेगाचा पिचर होता. ज्या काळात ९५ मैलांची फास्टबॉल टाकणारे पिचर बदली म्हणून बाकावर बसलेले असत, त्या काळात एवढ्या वेगावर सहसा कुणी मोठ्या लीगपर्यंत पोचत नाही. तो पोचला. दोन हात वापरण्यामागे एक साधा हिशेब होता आणि त्या हिशेबामुळेच तो पोचला. पुढची बरीचशी उत्तरं त्या हिशेबाभोवतीच फिरतात.

बॅटरप्रमाणे हात बदलून फायदा काय?

बेसबॉलमध्ये बॅटर ज्या हाताचा, त्याच हाताच्या पिचरसमोर त्याला जास्त त्रास होतो. उजव्या हाताचा बॅटर आणि उजव्या हाताचा पिचर अशी जोडी घ्या. बॉल बॅटरच्या डाव्या खांद्याच्या मागून निघाल्यासारखा दिसतो, म्हणजे हातातून सुटलेला नीट दिसायलाच उशीर होतो. त्यातून स्लायडर किंवा कर्व्ह, म्हणजे वळणारा बॉल असेल तर तो बॅटरपासून लांब, बाहेरच्या बाजूला वळत जातो. हात विरुद्ध असले की बॉल नजरेसमोर तिरका आत येतो, जास्त वेळ दिसतो आणि वळून बॅटच्या दिशेने येतो.

क्रिकेटच्या माणसाला इथे हमखास गोंधळ होतो, कारण फिरकीत हे गणित उलटं असतं. डावखुऱ्या फलंदाजापुढे आपण उजव्या हाताचा ऑफस्पिनर आणतो, कारण त्याचा बॉल टप्पा पडल्यावर फलंदाजापासून दूर जातो. बेसबॉलमध्ये टप्पा नाही. बॉल हवेतच वळतो आणि उजव्या हाताच्या पिचरचे वळणारे बहुतेक बॉल त्याच्या डावीकडे, म्हणजे उजव्या बॅटरपासून लांब जातात. बॉल फलंदाजापासून दूर न्यायचा, हे तत्त्व दोन्ही खेळांत एकच. फक्त त्यासाठी हात कोणता लागतो ते उलटं.

या एका कारणासाठी मेजर लीगमधले मॅनेजर वर्षानुवर्षं एकेका बॅटरसाठी पिचर बदलत आले. डावखुरा बॅटर आला की डावखुरा पिचर, तो बाद झाला की लगेच दुसरा. व्हेंडेटी आला की हा बदल माउंडवर, म्हणजे पिचरच्या उंचवट्यावर, उभ्या असलेल्या एकाच माणसात होत असे.

तो जन्मतःच दोन्ही हातांनी सारखा होता का?

नाही. तो मूळचा उजव्या हाताचा. तीन वर्षांचा असल्यापासून वडिलांनी त्याला दोन्ही हातांनी फेकायला लावलं. घरामागच्या अंगणात त्यासाठी जाळीचा पिंजरा उभारला होता.

सरावातली सगळ्यात मोलाची गोष्ट हातांची नव्हतीच. वडील त्याला अमेरिकन फुटबॉलचा बॉल दोन्ही पायांनी उंच मारायला लावत. डाव्या हाताने फेकताना शरीराचा भार डाव्या पायावरून उजव्यावर जातो, कमर उलट्या बाजूला फिरते आणि बॉल सुटल्यावर डावा पाय पुढे येतो. उजव्या माणसाच्या शरीराला ही फिरकी ठाऊकच नसते. डाव्या पायाने किक मारताना कमर नेमकी तशीच फिरते. नुसता डावा हात तयार केला आणि कमर उजवीच राहिली, तर फेक कोपरातून आणि खांद्यातून निघते. वेग मिळत नाही आणि दुखापत ठरलेली.

दोन्ही हातांची फेक सारखीच होती का?

सारखी नव्हती, आणि तेच बरं होतं. कॉलेजच्या दिवसांत उजव्या हाताने तो वरून टाकायचा, वेग ९० मैलांच्या आसपास, जोडीला कर्व्ह. डाव्या हाताने साइडआर्म, म्हणजे हात जवळजवळ जमिनीला समांतर ठेवून, वेग ८० मैलांच्या थोडा वर आणि आडवा सरकणारा स्लायडर. मेजर लीगमध्ये आला तोवर उजवा ८५-८६ मैल म्हणजे ताशी साधारण १३८ किलोमीटर आणि डावा त्याहून काही मैलांनी कमी, असा हिशेब झाला होता.

डावा हात उजव्याइतका वेगवान करायच्या मागे तो लागला नाही. साइडआर्ममध्ये वेग कमी पडतो, पण कोन विलक्षण मिळतो. डावखुऱ्या बॅटरला तो बॉल पाठीमागून आल्यासारखा वाटतो. पिचिंगचं माउंड होम प्लेटपासून, म्हणजे बॅटर उभा राहतो तिथपासून, १८.४४ मीटरवर असतं. एवढ्या अंतरात वेगातले पाच मैल कोनाने भरून निघू शकतात, फक्त बॉल हवा तिथे पडायला हवा.

तो ग्लव्ह कसला होता?

मिझुनो कंपनीने खास बनवून दिलेला सहा बोटांचा ग्लव्ह. नेहमीच्या ग्लव्हला चार बोटं, एक अंगठा आणि अंगठा व तर्जनीच्या मध्ये बॉल अडकवणारी एक जाळी असते. या ग्लव्हला मध्ये चार बोटं, दोन्ही टोकांना एकेक अंगठा आणि दोन जाळ्या. घडण दोन्ही बाजूंनी सारखी असल्याने तो डाव्या हातातून काढून उजव्यात घालायला क्षणभर पुरतो.

असा ग्लव्ह करून घ्यायचा असेल तर दोन अडचणी आधीच लक्षात घ्या. एक, चामडं जास्त आणि जाळ्या दोन, त्यामुळे तो मऊ पडायला नेहमीच्या ग्लव्हपेक्षा बराच जास्त काळ लागतो. नवा ग्लव्ह थेट सामन्यात वापरला तर सरळ आलेला बॉलसुद्धा हातातून उसळतो. दुसरी, रोज दोन्ही हातांनी वापरून तो दोन्ही बाजूंनी सारखा मुरवावा लागतो. एकाच बाजूने वापरला की खोलगट भाग तिकडे सरकतो आणि दुसऱ्या हाताला तो ग्लव्ह परका होतो. सुटा ग्लव्ह फाटला तर दुकानातून दुसरा आणता येत नाही, म्हणून मुरलेला एक जादा ग्लव्ह कायम जवळ लागतो. आता अकाडेमासारख्या कंपन्या दुहाती ग्लव्ह तयार विकतात. मुलांच्या सरावाला ते चालतात.

कॉलेजात त्याला दोन्ही हातांनी खेळू दिलं का?

लगेच नाही. ओमाहातल्याच क्राइटन विद्यापीठात तो शिष्यवृत्तीशिवाय, निवड चाचणी देऊन संघात आला. प्रशिक्षक एड सर्व्हाइस यांनी पहिल्या वर्षी त्याला सामन्यांत फक्त उजव्या हाताने खेळवलं. प्रशिक्षकाच्या जागी उभं राहून पाहिलं तर ते गैर नव्हतं. दोन मध्यम हात मिळून एक चांगला पिचर होतो, हे आधी कुणी सिद्ध केलेलं नव्हतं. पुढे परवानगी मिळाली आणि २००७ च्या हंगामात त्याने सलग ४३ पेक्षा जास्त इनिंग (बेसबॉलमध्ये पिचरची एक इनिंग म्हणजे समोरच्या संघाचे तीन बाद) एकही धाव दिली नाही. मिसुरी व्हॅली कॉन्फरन्स या विद्यापीठांच्या गटाच्या स्पर्धेत तो सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला.

ड्राफ्टमध्ये तो इतका खाली का गेला?

ड्राफ्ट म्हणजे मेजर लीगच्या संघांनी आळीपाळीने, फेरीफेरीने नवे खेळाडू निवडणं. न्यूयॉर्क यांकीजनी त्याला २००७ मध्ये ४५ व्या फेरीत निवडलं. त्याने करार केला नाही आणि कॉलेजचं शेवटचं वर्ष पूर्ण केलं. २००८ मध्ये त्याच संघाने पुन्हा निवडलं, या वेळी २० व्या फेरीत. आता त्याने सही केली.

स्काउट, म्हणजे नवे खेळाडू हेरणारे लोक, तरुण पिचरमध्ये वाढायची जागा शोधतात : उंची, खांदे, आज ९२ मैल टाकणारा उद्या ९६ टाकेल का. कॉलेज संपवलेल्या बावीस-तेवीस वर्षांच्या आणि ८८ मैलांवर थांबलेल्या पिचरकडून त्यांना फारसं मिळायचं नसतं. त्याचे निकाल पाहून नव्हे, वेग पाहून फेरी ठरली. २०२१ पासून हा ड्राफ्ट २० फेऱ्यांचाच आहे. आजच्या पद्धतीत ४५ वी फेरी उरलेलीच नाही.

ब्रुकलिनमधला तो प्रसंग नेमका काय होता?

१९ जून २००८, व्हेंडेटीचा पहिलाच व्यावसायिक सामना. तो स्टेटन आयलंड यांकीज या यांकीजच्या मायनर संघाकडून खेळत होता, समोर ब्रुकलिन सायक्लोन्स. नववी इनिंग, दोन बाद, आणि बॅटिंगला आला राल्फ हेन्रिकेझ. हा स्विच-हिटर होता, म्हणजे दोन्ही बाजूंनी बॅटिंग करणारा.

स्विच-हिटर नेहमी पिचरच्या विरुद्ध हाताची बाजू घेतो. व्हेंडेटीने ग्लव्ह बदलला की हेन्रिकेझ प्लेटच्या दुसऱ्या बाजूला जाई. तो गेला की व्हेंडेटी पुन्हा ग्लव्ह बदले. दोघांपैकी कुणीही चुकत नव्हतं, कारण आधी कुणी ठरवायचं याचा स्पष्ट नियमच त्यांच्यासमोर नव्हता. खेळ काही मिनिटं थांबला. अंपायरांनी आपापसांत बोलून बॅटरने आधी बाजू पक्की करावी असं ठरवलं. हेन्रिकेझ उजव्या बाजूला उभा राहिला, व्हेंडेटीने उजव्या हाताने टाकून त्याला स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद केलं आणि सामना संपला.

मग नियम काय झाला?

दोनच आठवड्यांत मायनर लीगच्या अंपायर संस्थेने नियम काढला आणि तो अंपायरांनी मैदानावर दिलेल्या निर्णयाच्या उलट होता : आधी पिचरने हात दाखवायचा. आज बेसबॉलच्या अधिकृत नियमावलीत ५.०७ (f) या कलमात तो आहे. लोक त्याला ‘व्हेंडेटी नियम’ म्हणतात. त्यातल्या गोष्टी अशा :

– कोणत्या हाताने टाकणार हे पिचरने मुख्य अंपायर, बॅटर आणि बेसवरचे रनर (धाव पुरी करायच्या वाटेवरच्या थांब्यांवर पोचलेले खेळाडू) यांना दिसेल असं दाखवायचं. रबरला, म्हणजे माउंडवरच्या पट्टीला, पाय लावताना ग्लव्ह दुसऱ्या हातात असला की पुरे.
– त्या बॅटरचा निकाल लागेपर्यंत हात बदलता येत नाही. बॅटर बाद झाला, बेसवर गेला, इनिंग संपली किंवा त्याच्या जागी बदली बॅटर आला, तरच बदल.
– दुखापत झाली तर मधेच हात बदलता येतो. पण मग ज्या हाताला दुखापत झाली, त्या हाताने उरलेल्या सामन्यात एकही बॉल टाकता येत नाही. हे कलम नसतं तर दुखापतीचं निमित्त करून हात बदलता आले असते.
– हात बदलल्यावर सरावाचे जादा बॉल मिळत नाहीत.

बदली बॅटरच्या कलमात दोन्ही मॅनेजरांसाठी डाव आहे. व्हेंडेटीने डावा हात दाखवला म्हणून समोरच्या मॅनेजरने उजवा बदली बॅटर पाठवला, तर व्हेंडेटीलाही हात बदलायची मुभा मिळते. म्हणजे एक खेळाडू खर्ची पडला आणि हाती काही लागलं नाही. त्याच्यापुढे बदली बॅटर पाठवायचाच तर स्विच-हिटरच पाठवावा लागे.

म्हणजे स्विच-हिटरसमोर त्याचा फायदा संपला?

हात निवडण्याचा फायदा संपला, हो. पण निवड पिचरने आधी करायची असल्याने बॅटरला कोणत्या बाजूला ढकलायचं हे त्याच्याच हातात राहिलं. बऱ्याच स्विच-हिटरची एक बाजू दुबळी असते. उजव्या बाजूने तो कच्चा असेल तर डाव्या हाताने टाकायचं, म्हणजे त्याला उजवीकडे उभं राहणं भाग. त्यासाठी प्रत्येक स्विच-हिटरची दोन्ही बाजूंची आकडेवारी सामन्याआधी पाठ हवी.

माउंडवर येण्याआधी तो सराव कसा करायचा?

बुलपेनमध्ये, म्हणजे बदली पिचर जिथे हात गरम करतात तिथे, दोन्ही हात तयार ठेवावे लागत. एक हात गरम करून दुसऱ्याकडे गेलं की पहिला थंड व्हायला लागतो, म्हणून थोडे या हाताने, थोडे त्या हाताने असं आलटून पालटून. माउंडवर आल्यावर त्या वेळच्या नियमाप्रमाणे आठच सरावाचे बॉल मिळत. दोन हात म्हणून सोळा नाहीत. ते आठ दोन हातांत वाटून घ्यायचे. दुसऱ्या पिचरला जो अंदाज आठ फेकींत येतो, तो त्याला चारांत घ्यावा लागे.

रनर बेसवर असला की आणखी एक गोष्ट. डावखुऱ्या पिचरचं तोंड पहिल्या बेसकडे असतं, उजव्याची पाठ. पहिल्या बेसवर रनर असताना डावा हात निवडला तर रनरला फार पुढे सरकता येत नाही. पुढचा बॅटर उजव्या हाताचा आला की ग्लव्ह बदलतो आणि रनरला दोन पावलं मोकळी मिळतात. समोरच्या संघाचे कोच याची वाटच पाहत असत. त्यामुळे बेसकडे फेकायचे डावसुद्धा दोन्ही हातांनी वेगवेगळे बसवावे लागतात. पिचिंग छान बसलं आणि हे राहून गेलं, तर बेस चोरीला जातात, म्हणजे रनर पिचरला चकवून पुढचा बेस गाठतात.

यांकीजकडे सात वर्षं काढूनही वरच्या संघात का गेला नाही?

२००८ मध्ये स्टेटन आयलंड. मग चार्ल्सटन, टॅम्पा, ट्रेंटन आणि शेवटी स्क्रॅन्टन/विल्क्स-बॅरी, म्हणजे मेजर लीगच्या एक पायरी खाली. २०१० च्या मार्चमध्ये यांकीजच्या मुख्य संघातून अटलांटा ब्रेव्हजविरुद्ध सराव सामन्यात तो दोन्ही हातांनी खेळलाही. पण संघ श्रीमंत होता, बाहेरून हवा तो बदली पिचर विकत घेऊ शकत होता. आणि मेजर लीगचे बॅटर ८६ मैलांच्या बॉलचं काय करतील, ही शंका प्रत्येक पायरीवर त्याच्या आकड्यांच्या पुढे उभी राहायची.

त्यातच २०१२ मध्ये उजव्या खांद्याचं लेब्रम फाटलं. खांद्याच्या खोबणीला कड देणारी ही कुर्चा असते. तिची शस्त्रक्रिया झाली की वेग पूर्वीसारखा परत येईलच असं नसतं, आणि ज्याच्याकडे मुळातच वेग कमी त्याच्यासाठी हा घाव मोठा. कित्येक पिचरची कारकीर्द या दुखापतीत संपते. व्हेंडेटीकडे दुसरा हात होता. २०१३ मध्ये वर्ल्ड बेसबॉल क्लासिक या देशादेशांच्या संघांच्या स्पर्धेत तो इटलीकडून खेळला आणि २०१७ मध्येही. त्याचं घराणं मूळचं इटालियन आणि त्या स्पर्धेचे नियम वंशाच्या आधारावर खेळू देतात.

मायनर लीगमध्ये पैसे किती मिळत?

फारच कमी. त्या काळात खालच्या पायऱ्यांवर महिन्याला साधारण १,१०० डॉलर मिळत, तेही फक्त हंगामाचे महिने. वर गेलं की थोडे वाढत. याउलट २०१५ मध्ये मेजर लीगचा किमान पगार वर्षाला ५,०७,५०० डॉलर होता, म्हणजे हंगामाच्या दर दिवसाला सुमारे २,८०० डॉलर. खालचा महिनाभराचा पगार वर एका दिवसात दुपटीहून जास्त होऊन मिळायचा. मोठी सही-रक्कम न मिळालेला खेळाडू तिशीपर्यंत मायनर लीगमध्ये टिकतो, तेव्हा या दोन आकड्यांमधली दरी तो रोज पार करत असतो. अशा खेळाडूंबद्दल लिहिताना ‘यशस्वी झाला नाही’ हे शब्द फार सहज वापरले जातात. आम्हाला ते अन्यायाचे वाटतात.

मेजर लीगमधला पहिला सामना कधी?

५ जून २०१५, बोस्टनचं फेनवे पार्क, ओकलंड ॲथलेटिक्सकडून, तिसावं वर्ष पूर्ण व्हायला महिनाही उरला नव्हता तेव्हा. सातव्या इनिंगमध्ये डावखुऱ्या ब्रॉक होल्टला त्याने डाव्या हाताने बाद केलं. ग्लव्ह बदलला. उजव्या हाताने हॅन्ली रामिरेझला टाकलं, त्याने सिंगल घेतली, म्हणजे मारून पहिला बेस गाठला. मग माइक नेपोलीने जमिनीवरून मारला आणि डबल प्लेमध्ये, म्हणजे एकाच बॉलवर, दोघे बाद झाले. आठव्या इनिंगमध्येही धाव नाही. स्विच-हिटर ब्लेक स्वायहार्ट त्याचा मेजर लीगमधला पहिला स्ट्राइकआउट. दोन इनिंग, एक हिट, शून्य धावा.

एकाच मेजर लीग सामन्यात दोन्ही हातांनी टाकणारा पिचर त्याआधी २८ सप्टेंबर १९९५ ला दिसला होता. माँट्रियल एक्स्पोजच्या ग्रेग हॅरिसने सिनसिनाटीविरुद्ध एकाच इनिंगपुरतं ते केलं. हॅरिस नेहमी उजव्या हाताने खेळायचा, कारकिर्दीच्या अगदी शेवटी त्याला ही संधी मिळाली. त्याचाही ग्लव्ह सहा बोटांचाच होता, तो आता बेसबॉलच्या हॉल ऑफ फेम संग्रहालयात आहे. त्यामागे जायचं तर थेट एकोणिसाव्या शतकात : टोनी मलेन १८८२ मध्ये, लॅरी कॉर्कोरन १८८४ मध्ये, एल्टन चेंबरलेन १८८८ मध्ये. व्हेंडेटीचं वेगळेपण हे की तो हे एखाद्या दिवशी नव्हे, रोज करत होता.

त्याचे आकडे कसे वाचायचे?

पिचरचा मुख्य आकडा म्हणजे ईआरए, दर नऊ इनिंगमागे दिलेल्या धावा. क्षेत्ररक्षणातल्या चुकांमुळे गेलेल्या धावा त्यात धरत नाहीत. २०१५ मध्ये ओकलंडकडून २६ सामने, २८.२ इनिंग, १४ धावा. इथे २८.२ म्हणजे २८ पूर्ण इनिंग आणि वर दोन बाद, म्हणजे २८ पूर्णांक दोन तृतीयांश. ‘दशांश दोन’ समजून भागाकार केला तर उत्तर चुकतं. १४ गुणिले ९ भागिले २८.६७ म्हणजे ४.४०, मेजर लीगच्या बदली पिचरसाठी सामान्यापेक्षा थोडा कमी दर्जाचा आकडा. २०१८ मध्ये लॉस एंजेलिस डॉजर्सकडून १५ सामन्यांत १४ इनिंग आणि फक्त चार धावा, ईआरए २.५७. हा त्याचा मेजर लीगमधला सर्वांत चांगला हंगाम, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी.

१४ इनिंग हा नमुना लहान आहे, त्यावरून फार मोठे निष्कर्ष काढू नयेत. पण त्या वर्षी डॉजर्स वर्ल्ड सिरीजपर्यंत गेले, आणि त्या ताकदीच्या संघाने त्याला पंधरा वेळा माउंडवर पाठवलं, हे नमूद करायलाच हवं.

इतके संघ का बदलले?

मेजर लीगच्या संघाला ४० जणांची यादी ठेवावी लागते. कुणाला आत घ्यायचं तर कुणाला तरी काढावं लागतं, आणि काढताना पहिला नंबर किमान पगारावरच्या बदली पिचरचा लागतो. यादीतून काढलेला खेळाडू वेव्हरवर जातो, दुसरा संघ त्याला उचलू शकतो. २०१५ च्या ऑक्टोबरात टोरांटो ब्लू जेजनी त्याला असंच उचललं. २०१६ च्या ऑगस्टमध्ये सिएटल मरिनर्सकडे रवानगी. २०१७ चा हंगाम फिलाडेल्फियाच्या मायनर संघात, लीहाय व्हॅलीत. मग २०१८ डॉजर्स, २०१९ मध्ये सॅन फ्रान्सिस्को जायंट्सकडून दोन सामने आणि करोनाच्या छोट्या हंगामात २०२० ला मायामी मार्लिन्सकडून तीन.

दोन हात म्हणजे दुप्पट बॉल टाकता येतात का?

येत नाहीत, आणि हा गैरसमज धोक्याचा आहे. कोपर आणि खांदा दोन-दोन आहेत, त्यांच्यावरचा भार विभागला जातो हे खरं. त्यामुळे तो बाकीच्या बदली पिचरपेक्षा जास्त लवकर पुन्हा उपलब्ध होत असे. पण पाय, कंबर, पाठ आणि पोटाच्या बाजूचे स्नायू तेच असतात, प्रत्येक फेकीत राबतात. ते थकले की आधी फेकीचा क्रम बिघडतो आणि मग त्याची किंमत खांदा मोजतो. २०१५ मध्ये पदार्पणानंतर काही दिवसांतच उजवा खांदा ताणला गेला आणि त्याला ऑगस्टपर्यंत बाहेर बसावं लागलं. दुसरा हात असूनही संघाने त्याला नुसत्या डाव्या हातावर खेळवलं नाही, कारण नुसता डावा हात म्हणजे अर्धाच व्हेंडेटी.

लहान मुलाला असं शिकवता येईल का?

येतं, पण लवकर सुरू करावं लागतं आणि घाई करून चालत नाही. दुसऱ्या हाताचा सराव या क्रमाने घ्यावा :

आधी पाय. बॉल न घेता, उलट्या पायावर भार घेऊन पुढचं पाऊल टाकायचं आणि कमर फिरवायची. सोबत उलट्या पायाने फुटबॉलला किक. हे सहज व्हायला लागल्याशिवाय फेक नाही.

मग चार-पाच मीटरवरून, गुडघ्यावर बसून किंवा उभ्याने, हलकी फेक. बॉल वर आणि हाताच्याच बाजूला सुटत असेल तर पुढचा खांदा लवकर उघडतो आहे आणि हात मागे राहतो आहे. बॉल पायाजवळ आपटत असेल तर सुटायला उशीर होतो आहे. नव्या हाताने फेकणारी जवळजवळ सगळी मुलं पहिली चूक करतात. पुढचं पाऊल लक्ष्याच्या रेषेत पडतं आहे का ते पाहा. आडवं पडत असेल तर कमर अडते आणि सगळी फेक हातावर येते.

अंतर हळूहळू वाढवा. वेग मोजू नका. वळणारे बॉल अजून नकोत, ते किशोरवयात, दोन्ही हातांची सरळ फास्टबॉल पक्की झाल्यावर.

आकडा मात्र काटेकोर ठेवा. मेजर लीग आणि यूएसए बेसबॉल यांच्या ‘पिच स्मार्ट’ मार्गदर्शनाप्रमाणे दिवसाला जास्तीत जास्त ७-८ वर्षांच्या मुलाने ५०, ९-१० ला ७५, ११-१२ ला ८५ आणि १३ ते १६ ला ९५ बॉल टाकावेत. चौदा वर्षांपर्यंतच्या मुलाने एका दिवशी ६६ किंवा जास्त टाकले तर चार दिवस विश्रांती. दोन्ही हातांचे मिळून एवढेच टाकावेत असं आमचं स्पष्ट मत आहे. प्रत्येक हाताला वेगळा कोटा धरणारे पालक दिसतात. त्यांनी मुलाच्या पाठीचा विचार करावा.

क्रिकेटमध्ये असं कुणी करतं का?

करतात, आणि त्यात विदर्भाचं नाव आहे. विदर्भाचा अक्षय कर्णेवार डाव्या हाताने ऑर्थोडॉक्स फिरकी आणि उजव्या हाताने ऑफस्पिन टाकतो. २०१७ मध्ये चेन्नईत ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या सराव सामन्यात त्याने दोन्ही हातांनी गोलंदाजी केली. नोव्हेंबर २०२१ मध्ये सय्यद मुश्ताक अली स्पर्धेत मणिपूरविरुद्ध त्याने चारही षटकं निर्धाव टाकून दोन बळी घेतले. श्रीलंकेच्या कामिंदु मेंडिसने ३ एप्रिल २०२५ ला आयपीएलमध्ये ईडन गार्डन्सवर एकाच षटकात दोन्ही हातांनी टाकून दाखवलं.

नियमात मोठा फरक आहे. क्रिकेटच्या नियम २१.१ नुसार गोलंदाजाने हात बदलण्याआधी अंपायरला सांगायचं आणि अंपायर ते फलंदाजाला सांगतो. न सांगता बदलला तर नो-बॉल. पण सांगून कितीही वेळा बदलता येतो, त्याच फलंदाजासमोर, त्याच षटकात. बेसबॉलमध्ये त्या बॅटरचा निकाल लागेपर्यंत एकच हात. 

त्याच्यानंतर कुणी आलं का?

२०१५ मध्ये डेट्रॉइट टायगर्सनी रायन पेरेझ या दुहाती पिचरला ड्राफ्टमध्ये घेतलं होतं. पण खरी मोठी घटना २०२४ ची. मिसिसिपी स्टेट विद्यापीठाचा ज्युरँजेलो साइंतिए, कुरसाव या कॅरिबियन बेटावर वाढलेला, सिएटल मरिनर्सनी पहिल्याच फेरीत पंधराव्या क्रमांकावर निवडला. त्याच्या उजव्या हातात ९५ मैलांच्या वरचा वेग आहे. व्हेंडेटीला ४५ वी फेरी मिळाली होती, याला पहिली.

साइंतिएपुढचा प्रश्न वेगळा आहे. त्याचा उजवा हात एकटाच मेजर लीगच्या लायकीचा मानला जातो, त्यामुळे डावा सोडून दे म्हणणारे त्याला आयुष्यभर भेटतील. व्हेंडेटीला हा पर्यायच नव्हता, त्याला दोन्ही हात मिळूनच एक पिचर व्हायचं होतं. २०२० पासून मेजर लीगमध्ये बदली पिचरने किमान तीन बॅटरना टाकलंच पाहिजे, किंवा इनिंग संपवली पाहिजे, असा नियम आहे. एका बॅटरपुरता डावखुरा पिचर आणायची सोय त्याने जवळजवळ संपली. दोन्ही हातांनी टाकणाऱ्याची किंमत यामुळे वाढते. हा नियम व्हेंडेटीच्या शेवटच्या हंगामात आला आणि त्या हंगामात त्याच्या वाट्याला तीनच सामने आले.